कात्रीचा खिळा आणि सहा चिठ्ठ्या

कळवण
१५ जानेवारी २०२४

चि. अरफा,

तिळगूळ सोबतच्या पुडीत आहे. पोस्टाच्या पिशवीत त्याचा चुरा झाला तर चमच्याने खा, पण गोड बोल. तुझ्या पिढीला पत्र म्हणजे बँकेची नोटीस एवढंच ठाऊक, तरी तू न कंटाळता मला लिहितेस याचं बाईला, म्हणजे आमच्या सौ. ठमाबाईला, फार कौतुक. काय करणार, माझे दोन्ही कान आता पुरते निवृत्त झाले. फोन केलास तर मी नुसतं "हो हो" म्हणेन. मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. तेव्हा कागदच बरा.

आपल्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका पाठवतोय. आधी पान एकोणीस उघड. "माझी कात्री आणि अरफाचा शोध", लेखक देवराम पगार, निवृत्त विज्ञान शिक्षक. तुला शोधायला त्रास नको म्हणून शेवटचा परिच्छेद इथेच उतरवतो:

"सातवीच्या तरफेच्या धड्याला मी इब्राहिम टेलरची कात्री वर्गात नेत असे. खिळा ढिला केला की कात्री कापड चावायची. खिळा घट्ट केला की पाती मोकळी चालायची. पुढच्याच बाकावर इब्राहिमची अरफा बसलेली असायची. पुढे तिने जिवाणूच्या जनुकात बदल करून जे नवं विकर बनवलं, त्याचं सगळं मर्म या कात्रीत आहे. २०१९ साली तिने मला विचारलं, तेव्हाच मी म्हणालो होतो, जमणार म्हणजे जमणारच. यात न कळण्यासारखं आहे काय?"

गावात लेखाची बरीच चर्चा आहे. चहावाला झुंबर माझ्या कानाशी ओरडला, "गुरुजी, म्हंजे खरा शोध तुमचाच हाय की!" मी "छे छे" म्हणालो. पण फार मोठ्याने म्हणालो नाही.

इब्राहिमला आणि तुझ्या अम्मीला, रेहानाला, नमस्कार.

तुझा,
देवराम गुरुजी

*

इंदिरानगर, नाशिक
२८ जानेवारी २०२४

आदरणीय गुरुजी,

सलाम आणि नमस्कार. तिळगुळाचा चुराच झाला होता, चमच्याने खाल्ला. म्हणजे गोड बोलणं भाग आहे, पण बातमी कडू आहे.

आधी लेखाबद्दल. अम्मीने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. कळवणचं दुकान बंद करून इथे आल्यापासून अब्बांनी ती कात्री कपाटात ठेवली होती. छापील नाव पाहिल्यावर ती बाहेर काढून तेल घालून ठेवलीय.

आता कडू भाग. आमच्या पेटंटच्या अर्जाला एका मोठ्या कंपनीने विरोध केला आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण आमच्या पेटंट एजंट आरोही देवरे मला रोज तालीम करायला लावतात, म्हणून तुमच्यावरही करते. मालेगावात कोऱ्या कापडाची खळ काढायला उकळत्या पाण्याचे हौद लागतात. रिझवानमामाचा उजवा हात त्याच हौदाने कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून मला गार पाण्यात खळ खाणारं एन्झाइम हवं होतं, तुमच्या पुस्तकातलं विकर. थंडीत काम करायचं तर विकर सैल हवं, असं जगभरातले सगळे निबंध सांगत होते. सगळे ते सैल करत होते आणि ते तासाभरात विरघळून जात होतं. मी उलटं केलं. जनुकात असा बदल केला की विकराच्या बुडाशी एक जास्तीचा टाका पडेल. बूड घट्ट, तोंड मोकळं. मग ते जनुक जिवाणूत घातलं, आणि ते विकर गार पाण्यात दोन दिवस टिकलं.

कंपनी म्हणते, हे कुणालाही सहज सुचलं असतं. त्यात काय एवढं!

गुरुजी, कायद्यात एक माणूस आहे. तो कुठल्याच गावात राहत नाही. आपल्या विद्येतलं सगळं त्याला ठाऊक असतं, सगळे निबंध त्याने वाचलेले असतात, हातही कुशल. फक्त स्वतःची म्हणून एकही कल्पना त्याच्या डोक्यात येत नाही. अर्ज करण्याच्या आधी या जाणकाराला जे सहज सुचलं असतं, त्याला पेटंट मिळत नाही. आरोही म्हणतात, सगळ्यात अवघड हेच, की उत्तर कळून चुकल्यावर ते कळलेलं नाही असं समजून विचार करायचा.

पेटंट गेलं तर कंपनी दुसऱ्या दिवशी तेच विकर बनवायला घेईल आणि आमची पाच जणांची प्रयोगशाळा बंद होईल. ते मी कसंतरी सोसेन. पण सहा वर्षांच्या कामाला "त्यात काय एवढं" म्हणणं सोसवत नाही.

म्हणून आता तुमच्याकडे मागणं. वर्गात तुमचा नियम होता, "आधी लिहा, मग करा." प्रयोगाआधी प्रत्येकाने काय होईल ते चिठ्ठीवर लिहायचं, सही-तारीख घालायची, पाकीट खळीने चिकटवायचं. नंतर कुणी "मला माहीतच होतं" म्हणायला नको. तो नियम मी नाशिकलाही पाळला. २०१९च्या सप्टेंबरात टाक्याच्या प्रयोगाआधी आमच्यातल्या चौघांनी चिठ्ठ्या लिहिल्या, पाचवी माझी, आणि सहावी तुमची, जी तुम्ही बकरी ईदला अब्बांच्या दुकानात कापायच्या टेबलावर लिहिली होती. सगळ्या एका पाकिटात घालून, पाठीवर सह्या करून, रजिस्टर पोस्टाने तुमच्याकडे ठेवायला पाठवल्या. प्रयोग जमला आणि लॉकडाऊन लागलं, माणसं पांगली, पाकीट उघडायचं राहूनच गेलं.

ते पाकीट हवंय, गुरुजी, न उघडलेलं. त्यावर पोस्टाचा शिक्का आहे. आम्ही पाचही जण या विद्येतले, आणि तेव्हा निकाल कुणालाच ठाऊक नव्हता. आमचं उत्तर ५ एप्रिलपर्यंत दाखल करायचंय.

तुमची,
अरफा

*

कळवण
८ फेब्रुवारी २०२४

चि. अरफा,

पत्र मिळालं. त्या कंपनीचं नाव तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस, नाहीतर मी त्यांना उत्तरच धाडलं असतं. तो कायद्यातला माणूस मात्र मला ओळखीचा वाटला. सगळं ठाऊक आणि स्वतःचं काही सुचत नाही, असे पुष्कळ जण आमच्या खात्यात साहेब होते.

पाकिटाचं बघतो. घराला रंग द्यायचं चाललंय, ट्रंका सगळ्या ओट्यावर आल्यात, कशात काय आहे काही समजत नाही. पण मी म्हणतो, त्या चिठ्ठ्यांचं एवढं काय घेऊन बसलीस? चार पोरांनी घाईघाईत काय खरडलं असेल ते असेल. त्यापेक्षा साहेबांसमोर कात्री ठेव. कात्री पाहिली की आंधळ्यालाही पटेल.

कांदा यंदा बरा आहे. बाईचा गुडघा दुखतो. शाळेत नवीन विज्ञानाच्या बाई आल्यात, त्या मोबाइलवर प्रयोग दाखवतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

तुझा,
देवराम गुरुजी

*

नाशिक
२३ फेब्रुवारी २०२४

आदरणीय गुरुजी,

कात्री दाखवायची तुमची सूचना मी आरोहींना सांगितली. त्या दचकल्याच. म्हणाल्या, "अहो, कात्री पाहून आंधळ्यालाही पटलं तर आपण हरलो! आपल्याला हे दाखवायचंय की डोळसांनाही दिसत नव्हतं." मला हसू आलं आणि मग रडूही आलं.

कंपनीने एका तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र दाखल केलंय. तज्ज्ञ कोण, तर डॉ. सोमनाथ बच्छाव. आमच्याच प्रयोगशाळेतले माझे वरिष्ठ. २०२०मध्ये ते तिकडे नोकरीला गेले. त्यांनी लिहिलंय की विकराला टाका घालणं ही जुनीच युक्ती, कुठल्याही पदवीधराने हे करून पाहिलं असतं, आणि यश येणार हे दिसतच होतं. गुरुजी, पाकिटातल्या त्या चौघांच्या चिठ्ठ्यांपैकी एक बच्छाव सरांची आहे! त्यांनी तेव्हा काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण मी ही कल्पना मांडली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता, ते मला आठवतं.

तुमचं अक्षर या वेळी जरा कापल्यासारखं वाटलं. तब्येत ठीक आहे ना? ट्रंका उचलू नका. मी रविवारी येऊन शोधू का?

अरफा

*

कळवण
२ मार्च २०२४

चि. अरफा,

येऊ नकोस, उन्हं वाढलीत. पाकीट सापडत नाही. रंगाच्या गडबडीत रद्दीत गेलं असावं. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काम खरं आहे, त्याला कागदाचा टेकू कशाला?

देवराम गुरुजी

*

नाशिक
११ मार्च २०२४

आदरणीय गुरुजी,

पाकीट गेलं तर गेलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. साडेचार वर्षं सांभाळलंत हेच पुष्कळ. आरोही दुसरे पुरावे जमवताहेत.

एक गोष्ट सांगू की नको असं आठवडाभर चाललं होतं. पण ती तुम्हाला बाहेरून कळली तर जास्त लागेल. कंपनीने पुरवणी पुरावा म्हणून तुमचा स्मरणिकेतला लेख जोडलाय. शाळेने स्मरणिका इंटरनेटवर टाकली, तिथून तो त्यांना मिळाला. त्यांच्या वकिलांनी पान एकोणीसच्या शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारलीय: "यात न कळण्यासारखं आहे काय?" त्यांचं म्हणणं असं की, तालुक्याच्या गावातल्या शाळामास्तरला जे प्रयोगाआधीच छातीठोक सांगता आलं, ते शास्त्रज्ञांना सहज सुचलंच असतं. छायाप्रत सोबत आहे.

आरोही म्हणाल्या, तुमचं प्रतिज्ञापत्र घेऊ, लेखातली वाक्यं कौतुकाच्या भरात लिहिली असं तुम्ही सांगा. मी नको म्हणाले. तुम्ही खरंच तसं म्हणाला असाल तर तुम्हाला खोटं का बोलायला लावायचं? ईदच्या दिवशी तुम्ही चिठ्ठी लिहिताना वर हात धरला होतात, जसा आम्ही वर्गात धरायचो. मी डोकावले नाही. तुम्हीच शिकवलंय ना, दुसऱ्याच्या चिठ्ठीत बघायचं नाही.

सातवीत मला मुलं "टेलरची पोर" म्हणायची. तुम्ही ती कात्री टेबलावर ठेवून म्हणालात, "हे यंत्र ज्याच्या घरी आहे, त्याच्या घरी विज्ञान आहे." त्या दिवसापासून मी मान वर करून बसायला लागले. तेव्हा पेटंट मिळो न मिळो, तुम्हाला वकिलांच्या तोंडी द्यायची माझी तयारी नाही.

उद्यापासून रोजे. दुवा करा.

अरफा

*

कळवण
१६ मार्च २०२४

चि. अरफा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली, कारण दोन्हीत मी स्वतःला सांभाळून घेत होतो.

पाकीट रद्दीत गेलेलं नाही. ते माझ्या ट्रंकेत, तळाशी, पेन्शनच्या कागदांखाली आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ते काढलं, हातात घेतलं आणि परत ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणालो.

कारण माझ्या चिठ्ठीत काय आहे ते मला पाठ आहे. मी लिहिलंय की जमणार नाही.

तू मला टाक्याची कल्पना सांगितलीस, समोर इब्राहिमची कात्री पडली होती, आणि मी ठणकावून "जमणार नाही" लिहिलं. मग तुझं जमलं. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. लोक विचारू लागले, "गुरुजी, तुमचीच ना ही विद्यार्थिनी?" एकदा म्हणालो, मला वाटलंच होतं. दुसऱ्यांदा म्हणालो, मी सांगितलंच होतं. दहाव्यांदा माझाच त्यावर विश्वास बसला आणि मी लेख लिहून टाकला. ज्या रोगासाठी मी एकतीस वर्षं पोरांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या, तोच मला झाला.

काल तुझं पत्र बाईने वाचलं. मी ट्रंकेकडे पाहिलं ते तिने पाहिलं. बावन्न वर्षांचा संसार आहे, तिला कानांची गरज लागत नाही. माझ्या कानाशी येऊन ओरडली, "काय दडाडी ऱ्हायनात? खरं सांगाले कसानी लाज शे?" शेजारच्या मंगळूच्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोर तुमनासाठे हारी जाई, आन तुमी नाक वर करी बसशात?"

अरफा, तुझं पत्र वाचून मला माझी जेवढी शरम वाटली, तेवढी जन्मात वाटली नव्हती. मी तुला खोटं लिहिलं आणि तू माझी काळजी करत बसलीस.

पाकीट पोस्टाने पाठवत नाही, स्वतः आणतो. मंगळवारी सकाळच्या एसटीने निघतो. त्या आरोहीबाईंना सांग, प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, मोठ्या अक्षरांत. मी खोटं बोलणार नाही. मी खोटं बोललो होतो, एवढंच सांगणार आहे.

तुझा,
देवराम गुरुजी

*

नाशिक
२६ एप्रिल २०२४

आदरणीय गुरुजी,

तुम्ही परवा सुनावणीला माझ्याशेजारी बसला होतात, पण तुम्हाला ऐकू काही आलं नाही. जाताना बसस्टँडवर म्हणालात, "सगळं लिहून कळव, एक शब्द गाळू नकोस." म्हणून बसलेय लिहायला.

सुरुवात नोटरींच्या टेबलापासून करते, मार्चमधल्या. तुम्ही शर्टाच्या आतून पाकीट काढलंत तेव्हा नोटरी मला हळूच म्हणाले, "आजोबांनी कळवणपासून हे छातीशी धरून आणलं का?" मी हो म्हणाले. कंपनीच्या वकिलांनी भिंग लावून पोस्टाचा शिक्का पाहिला, ९ सप्टेंबर २०१९. चिकटवलेली कड पाहिली. म्हणाले, "डिंक वेगळा दिसतो." मी म्हटलं, डिंक नाही, गव्हाची खळ आहे. खळीवरचंच भांडण, त्याचा पुरावाही खळीनेच चिकटवलेला. त्यावर त्यांचा कॅमेरावालासुद्धा हसला.

चिठ्ठ्या तुम्ही स्वतः वाचल्यात. पहिल्या दोन, "नाही". तिसरी, "बहुधा नाही". चौथी बच्छाव सरांची: "थंडीत काम हवं तर विकर सैलच हवं. टाका घातल्यास ते ताठ होऊन काम थांबेल. वेळ वाया जाईल." मग तुमची: "जमणार नाही. घट्ट केलेली वस्तू मोकळी कशी चालेल? पोरीने हट्ट सोडावा." शेवटची माझी: "जमेल. गुरुजींची कात्री." ती वाचताना तुम्ही चष्मा काढून पुसलात. मी तुमच्याकडे पाहिलं नाही, कारण मग मला पुढची सही करता आली नसती.

आता परवाचं. पंचवटीतल्या आरोहींच्या ऑफिसखाली भाजीबाजार, त्यामुळे खिडक्या बंद करूनही आमच्या सुनावणीत सारखी मेथी येत होती. पडद्यावर मुंबईहून पेटंट कार्यालयाच्या नियंत्रक बाई होत्या. कंपनीच्या वकिलांनी सुरुवातच तुमच्या लेखाने केली. "न कळण्यासारखं आहे काय" ही ओळ त्यांनी मोठ्या झोकात वाचली. मग बाई म्हणाल्या, "लेखक इथे हजर आहेत ना? मग त्यांनाच विचारू."

तेव्हा आरोहींनी लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत प्रश्न टाइप करून तुमच्यासमोर धरला. पहिला प्रश्न तुम्ही वाचलात: कात्रीचा धडा किती वर्षं शिकवला? तुम्ही म्हणालात, "एकतीस!" गुरुजी, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही किती मोठ्याने बोलत होतात. खालची मेथीवाली गप्प झाली. दुसरा प्रश्न: अरफाने टाक्याची कल्पना सांगितली तेव्हा तुम्हाला कात्री आठवली का? "नाही! ती समोर पडली होती तरी नाही!" तिसरा: का आठवली नाही? आणि तुम्ही म्हणालात, "बाई, आठवली असती तर पेटंट मी नसतं का घेतलं?"

सगळे हसले ते तुम्ही पाहिलंत आणि तुमचा चेहरा पडला. तुम्हाला वाटलं तुम्हाला हसले. नाही, गुरुजी. नियंत्रक बाई स्वतः हसत होत्या, आणि हसताहसता लिहून घेत होत्या. मग तुम्ही न विचारता उभे राहिलात आणि म्हणालात, "लेखात मी बढाई मारली. बैल गेला आणि झोपा केला, अशातला मी शहाणा. खरं काय ते माझ्या चिठ्ठीत आहे." त्यानंतर कुणीही हसलं नाही.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच तुम्हाला कळलं नाही. बच्छाव सर दुसऱ्या पडद्यावर होते. बाईंनी त्यांना चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, "अक्षर माझंच आहे. मत तेव्हा प्रामाणिक होतं." बाई म्हणाल्या, "आणि आता तुम्ही म्हणता यश दिसतच होतं. तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आज ठाऊक आहे असं मधल्या काळात तुम्हाला काय मिळालं? नवा निबंध? नवं तंत्र?" बच्छाव सरांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. त्यांच्या वकिलांनी घसा खाकरला. मग सर म्हणाले, "निकाल."

एवढा एकच शब्द. आरोहींनी टेबलाखालून माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. मला बच्छाव सरांचा राग होता, तो त्या शब्दाबरोबर गेला. त्यांना दुसरं काहीही सांगता आलं असतं.

निर्णय राखून ठेवलाय. पण मला आता भीती वाटत नाही. अम्मी विचारते, गुरुजींनी शिरखुर्मा खरंच दोन वाट्या खाल्ला की तिचं मन राखलं?

अरफा

*

नाशिक
२१ जून २०२४

गुरुजी!

मिळालं! मिळालं! मिळालं!

आज सकाळी निर्णय आला. विरोध फेटाळला, पेटंट मंजूर. अब्बा खुर्चीवर चढून कपाटावरची मिठाईची परात काढत होते, पडता पडता वाचले. रिझवानमामा मालेगावहून आलाय. त्याने तो भाजलेला हात आमच्या गार पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत बुडवला आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, "बेटा, और थोड़ी देर." मी आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते, आणि हे मला कुणाला तरी ओरडून सांगायचंय, म्हणून तुम्हाला लिहितेय.

निर्णय इंग्रजीत चौतीस पानांचा आहे. त्यातल्या बत्तिसाव्या पानावरचा भाग तुमच्यासाठी मराठीत उतरवते:

"ज्या उदाहरणावरून ही कल्पना सुचली ते उदाहरण ज्याने एकतीस वर्षं शिकवलं, त्या व्यक्तीलाही कल्पना सांगितल्यावर ती चालेल असं वाटलं नाही. या विद्येतल्या चार प्रशिक्षित व्यक्तींनाही वाटलं नाही. निकाल कळल्यानंतर येणारं शहाणपण हे जाणकाराचं ज्ञान नव्हे. हा शोध सहज सुचण्यासारखा नव्हता."

सहज सुचण्यासारखा नव्हता, गुरुजी! सरकारी कागदावर! मी ते वाक्य अकरा वेळा वाचलं.

अरफा

*

कळवण
६ जुलै २०२४

चि. अरफा,

तुझं पत्र आलं तेव्हा बाई ओट्यावर लसूण सोलत होती. मी "मिळालं" म्हणून इतक्या जोराने ओरडलो की तिला वाटलं माझा चष्मा सापडला. खरं कळल्यावर तिने लसणाची सुपली तशीच टाकली आणि गुडघा विसरून गल्लीभर साखर वाटली. शाब्बास, पोरी! शाब्बास!

बत्तिसावं पान मी वहीत उतरवून घेतलं. तो कायद्यातला माणूस, सगळं ठाऊक आणि स्वतःचं काही सुचत नाही, आठवतो ना? मी त्याला आमच्या खात्यात शोधत होतो. तो मीच निघालो. बाईला सांगितलं, तर म्हणाली, तिला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

काल शाळेत गेलो. नवीन बाईंकडून सातवीचा एक तास मागून घेतला. मुलांना तुझी गोष्ट सांगितली, स्मरणिकेतला लेख वाचून दाखवला, आणि मग चिठ्ठीची नक्कल वाचली: जमणार नाही, पोरीने हट्ट सोडावा. सही, देवराम पगार. वर्ग चिडीचूप झाला असावा, कारण सगळी तोंडं मिटलेली होती. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने फळ्यावर येऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं, "गुरुजी, मग तुम्ही नापास?"

मी म्हणालो, "हो, नापास. एकतीस वर्षं मी पोरांची उत्तरं तपासली. माझं एकच उत्तर सरकारने तपासलं, आणि ते चुकीचं होतं म्हणूनच अरफा पास झाली."

टाळ्या वाजल्या म्हणे. मला हात दिसले, तेवढे पुरले.

जाता जाता नवीन बाईंनी मला एक कोरं पाकीट दिलं. सोमवारी त्यांच्या वर्गात प्रयोग आहे, मोबाइलवर नाही, खरा. काय होईल ते मी आधीच लिहून, सही करून, खळीने चिकटवून दिलंय. चुकलो तर तुला कळवीनच.

तुझा,
देवराम गुरुजी